मोबाइल शिकताना आधी परत यायला शिका

नवा मोबाइल हातात आला की पहिल्याच दिवशी फोटो काढायचा असतो, व्हिडिओ कॉल लावून बघायचा असतो. सुरुवात मात्र दुसरीकडून करावी. चुकून कुठल्याही स्क्रीनवर पोहोचलो तरी तिथून परत कसं यायचं, हे आधी बोटांत बसू द्या. परतीची वाट माहीत असली की माणूस न घाबरता चार ठिकाणी बोट लावून बघतो, आणि मोबाइल येतो तो असाच. नुसतं बोट लावल्यानं फोन बिघडत नाही. काही कायमचं पुसलं जाणार असेल तर फोन बहुतेक वेळा आधी विचारतो. तो प्रश्न न वाचता ‘ओके’ दाबायचं नाही, एवढं पथ्य पाळलं तरी पुरे.

पुढची माहिती अँड्रॉइड फोन समोर ठेवून दिली आहे. आयफोनमध्ये वेगळं असेल तिथं तसं सांगितलं आहे. कंपनीगणिक बटणांची जागा आणि सेटिंग्जमधली नावं थोडीफार बदलतात. नाव सापडलं नाही तर सेटिंग्ज उघडून वरच्या भिंगाच्या चिन्हावर बोट लावा आणि हवा तो शब्द लिहा. सगळी यादी खालपर्यंत चाळत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

बाजूची बटणं

फोनच्या कडेला साधारणपणे दोन बटणं असतात. लांबट असतं ते आवाजाचं: वरच्या टोकाला दाबलं की आवाज वाढतो, खालच्या टोकाला दाबलं की कमी होतो. छोटं असतं ते पॉवरचं. ते एकदा दाबून लगेच सोडलं की स्क्रीन उजळते, पुन्हा दाबलं की विझते. स्क्रीन विझली म्हणजे फोन बंद झाला असं नाही. काळ्या स्क्रीनच्या फोनवरही कॉल येतो, गजर वाजतो. फोन खरोखर बंद करायचा असेल तर पूर्वी पॉवरचं बटण दाबून धरलं की पुरायचं. आता बऱ्याच फोनवर तसं केलं की बोलणारा मदतनीस जागा होतो. तसं झालं तर पॉवर आणि आवाज वाढवायचं (काही फोनवर कमी करायचं) बटण एकदम दाबून धरा, म्हणजे बंद करण्याचा आणि रिस्टार्टचा पर्याय समोर येईल. नव्या आयफोनवरही बाजूचं बटण आणि आवाजाचं कोणतंही एक बटण असं एकत्र धरायचं असतं.

नवशिक्याला सर्वांत आधी सतावते ती वाचता वाचता विझणारी स्क्रीन. फोन अनेकदा ३० सेकंदांवर लावलेला असतो, आणि शिकणाऱ्याला पुढचं बटण शोधायलाच तेवढा वेळ लागतो. सेटिंग्जमध्ये ‘डिस्प्ले’ आणि त्यात ‘स्क्रीन टाइमआउट’ उघडून तो २ किंवा ५ मिनिटं करून ठेवा. हात बसला की पुन्हा कमी करता येतो. बॅटरीही तेवढी वाचते. त्याच ‘डिस्प्ले’मध्ये अक्षरांचा आकार वाढवायची पट्टी असते. ती सरकवून बघा, पण अगदी शेवटच्या टोकाला नेऊ नका. तिथं काही ॲपमधली बटणं स्क्रीनच्या बाहेर जातात आणि मग ‘पुढे’ लिहिलेलं बटणच सापडत नाही.

बोट कसं लावायचं

हा भाग घाईत उरकू नका. ‘माझा फोन ऐकतच नाही’ या तक्रारीत बहुतेक वेळा फोन ठीक असतो आणि बोट चुकत असतं.

आजच्या फोनची काच दाब ओळखत नाही. काचेखाली बारीक विद्युत क्षेत्र असतं आणि आपल्या त्वचेचा स्पर्श झाला की त्यात बदल होतो; फोनला कळतो तो हा बदल. म्हणून जोरात दाबून काही फायदा नाही. नखानं टोचलं तर काहीच होत नाही, साध्या हातमोज्यातून होत नाही, फार कोरड्या आणि राठ बोटानंही कधी कधी होत नाही. बोटाचं पेर, म्हणजे शाई लावून अंगठा उठवतो तो मऊ भाग, अलगद टेकवायचा आणि लगेच उचलायचा. बोट कोरडं असेल तर हाताला थोडं क्रीम लावा. काचेवर पाण्याचे थेंब असतील तर फोनला तेही बोटासारखेच वाटतात आणि स्क्रीन आपोआप उड्या मारायला लागते. अशा वेळी काच पुसा, सेटिंग्जमध्ये शिरू नका. जाड काच चिकटवल्यावर स्पर्श मंदावला असेल, तर काही फोनमध्ये ‘टच सेन्सिटिव्हिटी’ वाढवायची सोय असते.

टेकवून लगेच उचललं तर वस्तू उघडते. टेकवून अर्धा-एक सेकंद तसंच धरलं तर फोन समजतो की तुम्हाला त्या वस्तूचं काहीतरी करायचं आहे: हलवायची, पुसायची, निवडायची. नवशिक्याचं बोट नेमकं इथं अडकतं. चिन्ह नीट दिसावं म्हणून तो बोट टेकवून क्षणभर थांबतो. तेवढ्यात चिन्ह थरथरायला लागतं किंवा त्याच्या डोक्यावर ‘रिमूव्ह’, ‘अनइन्स्टॉल’ असे शब्द उगवतात. घाबरून दुसरीकडे बोट ओढलं की चिन्ह भलतीकडे जाऊन बसतं. शब्द उगवले तर त्यांना हात लावू नका, रिकाम्या जागी एकदा टेकवा किंवा होम करा, म्हणजे पहिल्या स्क्रीनवर परत या; ते कसं, हे पुढे ‘परतीच्या वाटा’मध्ये आहे. ‘रिमूव्ह’ म्हटलं तर फक्त समोरचं चिन्ह जातं, ॲप फोनमध्येच राहतं. ‘अनइन्स्टॉल’ म्हटलं तर ॲपच जातं. हाताला कंप असेल किंवा बोट सावकाश उचललं जात असेल, तर सेटिंग्जमधल्या ‘ॲक्सेसिबिलिटी’त ‘टच अँड होल्ड डिले’ नावाची गोष्ट शोधा आणि ती ‘लाँग’ करा. फोन मग जास्त वेळ वाट बघतो. हा एक बदल केला की अर्ध्या चुका आपोआप थांबतात, पण तो कुणी सांगत नाही.

तिसरी हालचाल सरकवण्याची. बोट काचेवरून न उचलता वर नेलं की खालचा मजकूर वर येतो. पुस्तकाचं पान वर ढकलावं तसं. चौथी, दोन बोटं टेकवून फाकवायची. फोटो किंवा नकाशा मोठा होतो, बोटं जवळ आणली की लहान.

आणखी एक चूक बघितल्याशिवाय कळत नाही. डाव्या हातात फोन धरला की त्या अंगठ्याचा मांसल भाग काचेच्या कडेवर टेकलेला राहतो. मग उजव्या हाताचं बोट टेकवलं की फोनच्या लेखी दोन बोटं टेकली, आणि तो गोंधळतो. फोन मागून तळव्यावर धरा, किंवा शिकताना सरळ टेबलावर ठेवा.

परतीच्या वाटा

स्क्रीनच्या तळाशी तीन खुणा दिसत असतील तर काम सोपं. एक त्रिकोण किंवा डावीकडे वळलेला बाण, ते ‘मागे’. मधलं वर्तुळ किंवा गोलसर चौकोन, ते ‘होम’. उरलेलं चौकोन किंवा तीन उभ्या रेघांचं, ते ‘आत्ता उघडलेली ॲप’. काही कंपन्यांत बाण डावीकडे असतो, काहींत उजवीकडे. ‘मागे’ एक पायरी उतरवतं. ‘होम’ कुठूनही थेट पहिल्या स्क्रीनवर आणतं.

खुणा नसून तळाशी फक्त एक बारीक आडवी रेघ असेल, तर फोन हालचालींवर चालतो. तळाच्या कडेपासून बोट वर सरकवलं की होम. वर सरकवून मध्यावर क्षणभर थांबलं की उघडलेली ॲप. डाव्या किंवा उजव्या कडेपासून बोट आत ओढलं की मागे. दिसायला सुबक आहे, पण शिकणाऱ्यासाठी ही पद्धत सोयीची नाही. जे दिसत नाही ते आठवावं लागतं, आणि फोटो उलटताना बोट कडेपासून सुरू झालं की फोटो बदलण्याऐवजी गॅलरीच बंद होते. सेटिंग्जमध्ये ‘नेव्हिगेशन’ शोधून तीन बटणांची पद्धत निवडा.

आयफोनला तीन बटणांची सोय नाही. २०१७ च्या आयफोन १० पासून गोल बटण हळूहळू गेलं. तळापासून वर सरकवलं की होम. एक पायरी मागे यायला वरच्या डाव्या कोपऱ्यातला बाण किंवा डाव्या कडेपासून आत सरकवणं. ज्या आयफोनला खाली गोल बटण आहे, त्यात तेच होम.

सराव असा करा. सेटिंग्ज उघडा, ‘डिस्प्ले’त जा, त्याच्या आतल्या कुठल्याही ओळीत जा. आता किती वेळा ‘मागे’ दाबल्यावर पहिली स्क्रीन येते ते मोजा. पुन्हा तेवढंच आत जा आणि या वेळी एकदाच ‘होम’ दाबा. असं दहा वेळा केलं की भीती जाते. एक बारकावा लक्षात ठेवा: लिहिण्याची कळपट्टी उघडी असेल तर पहिलं ‘मागे’ फक्त ती मिटवतं, स्क्रीन तशीच राहते. बटण चाललं नाही असं वाटून लोक घाईनं तीनदा दाबतात आणि लिहिलेलं घालवून बसतात. एकदा दाबा, काय झालं ते बघा, मग दुसऱ्यांदा.

दुसऱ्याला शिकवत असाल तर त्याच्या हातातून फोन घेऊ नका. ‘द्या इकडे, मी करून देतो’ म्हटलं की काम होतं, पण शिकणं तिथंच थांबतं. बोट त्याचंच हवं, तुम्ही फक्त जागा दाखवायची.

कॉल घेणं आणि करणं

फोन वाजतो तेव्हा स्क्रीन दोन प्रकारे दिसते, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. फोन वापरात असताना कॉल आला तर वर एक पट्टी येते. तिच्यावर हिरवं आणि लाल अशी दोन बटणं असतात आणि हिरव्यावर नुसतं बोट टेकवून पुरतं. स्क्रीन विझलेली असताना कॉल आला तर पूर्ण स्क्रीनभर नाव दिसतं, आणि तिथं बऱ्याच फोनवर हिरव्या खुणेवर टेकवून काही होत नाही. ती खूण बोटाखाली धरून ओढावी लागते: काहींत वर, काहींत बाजूला, काहींत कुठल्याही दिशेला. खिशात आपोआप कॉल उचलला जाऊ नये म्हणून ही व्यवस्था आहे. घरातल्या कुणाला तरी पाच-सहा वेळा कॉल करायला सांगा आणि स्क्रीन विझवून सराव करा. खरा कॉल येतो तेव्हा हात थरथरतो, सरावाचा उपयोग तेव्हा होतो.

कॉल घ्यायचा नाही, पण समोरच्याचा तोडायचाही नाही, तर आवाजाचं बटण एकदा दाबा. वाजणं थांबतं, समोरच्याला रिंग जातच राहते. आयफोनवर बाजूचं बटण एकदा दाबलं की आवाज थांबतो, दोनदा दाबलं की कॉल नाकारला जातो.

बोलताना फोन कानाशी नेला की स्क्रीन काळी होते. हा बिघाड नव्हे. काचेच्या वरच्या कडेला, ऐकू येण्याच्या फटीजवळ, जवळ काही आलं का ते ओळखणारा सेन्सर असतो. गालानं बटणं दाबली जाऊ नयेत म्हणून तो स्क्रीन विझवतो. फोन कानापासून दूर केला की स्क्रीन परत यायला हवी. येत नसेल तर तिथं मळ साचलेला असतो किंवा वर चिकटवलेल्या काचेनं सेन्सर झाकलेला असतो. मऊ कोरड्या कापडानं पुसा. उलट, बोलता बोलता कॉल आपोआप म्यूट होत असेल तर सेन्सर काम करत नाही आणि गाल बटणं दाबतो आहे असं समजा.

कॉल चालू असतानाच्या बटणांपैकी तीन शिका. ‘स्पीकर’ आवाज मोठ्यानं बाहेर सोडतो. ‘म्यूट’ फक्त तुमचा आवाज समोर जाऊ देत नाही, तुम्हाला त्यांचं ऐकू येतं. माइकवर काट मारलेली खूण असते. ‘कीपॅड’ आकडे उघडतं, आणि ‘मराठीसाठी २ दाबा’ असं यंत्र सांगतं तेव्हा तेच लागतं. अशा वेळी लोक कॉल बंद करून आकडे शोधायला बाहेर जातात. तसं करायची गरज नसते.

ऐकू येत नसेल तर कॉल चालू असतानाच आवाज वाढवायचं बटण दाबा. कॉलचा आवाज वेगळा, गाण्याचा वेगळा, रिंगचा वेगळा. कॉल नसताना कितीही दाबलं तरी बोलण्याचा आवाज वाढत नाही. तरीही शांतता असेल तर ब्लूटूथ बघा. आवाज कपाटात पडलेल्या इयरफोनमध्ये किंवा बाहेर उभ्या गाडीत जात असतो. समोरच्याला तुमचं ऐकू जात नसेल तर फोनच्या खालच्या कडेचं बारीक छिद्र बोटानं किंवा कव्हरनं झाकलं गेलंय का ते बघा; तोच माइक असतो. त्यात पिन घालू नका. सिमचा खण उघडायची पिन सिमच्या खणाशेजारच्या छिद्रासाठी असते. दोन्ही छिद्रं सारखीच दिसतात म्हणून आधी खणाची बारीक चौकट शोधा, पिन तिच्यातल्या छिद्रातच घाला.

सिम बसवताना एक कोपरा तिरका कापलेला असतो. खणातल्या खाचेचा कोपराही तसाच असतो, तो जुळवा. आजचं नॅनो सिम १२.३ बाय ८.८ मिलिमीटरचं, नखाएवढं असतं. खाचेत सपाट बसत नसेल तर ते उलटं आहे. जोर लावू नका.

नंबर जपून ठेवणं

नवा नंबर साठवताना फोन विचारतो: सिममध्ये, फोनमध्ये की खात्यात? खाते निवडा. सिममध्ये साधारण २५० नावांची जागा असते आणि त्यात नाव-नंबराशिवाय फारसं काही मावत नाही. फक्त फोनमध्ये ठेवलं तर फोन हरवल्यावर नंबरही जातात. गुगल किंवा आयफोनच्या खात्यात ठेवलेले नंबर नव्या फोनवर त्याच खात्यानं शिरलं की परत येतात. मात्र त्या खात्याचा पासवर्ड कागदावर लिहून घरात ठेवा.

नंबर + चिन्ह आणि देशाच्या क्रमांकासह साठवला की परदेशातूनही तोच चालतो. कीपॅडवर ० दाबून धरलं की + उमटतं. नाव लिहिताना ठरवून एकच पद्धत ठेवा. ‘डॉक्टर’ एवढंच लिहून ठेवलेले चार नंबर सहा महिन्यांनी कुठला कुणाचा ते सांगत नाहीत. रोज लागणाऱ्या चार-पाच नावांपुढचा तारा दाबला की ती ‘फेव्हरिट’मध्ये वर येऊन बसतात.

मराठीत लिहिणं

फोनवर मराठी लिहिता येत नाही असं समजून कित्येक जण रोमन अक्षरांत निरोप पाठवत राहतात. गुगलच्या कीबोर्डमध्ये मराठी आतच असते, फक्त जोडावी लागते. कुठंही लिहायला बोट टेकवा, कळपट्टी आली की तिच्यावरची दातेरी चाकाची खूण शोधा, ‘लँग्वेजेस’मध्ये जा, ‘ॲड कीबोर्ड’ म्हणा आणि मराठी निवडा. तिथं पद्धती विचारल्या जातात. एकीत देवनागरी अक्षरं थेट दिसतात. दुसरीत इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहिला की वर मराठी शब्द सुचवले जातात. नंतर भाषा बदलायला पृथ्वीच्या गोलाची खूण दाबा, नाहीतर स्पेसची लांब पट्टी दाबून धरा.

देवनागरी पट्टीवर जोडाक्षरं अडवतात. युक्ती पायमोडक्या खुणेत आहे. ‘प्र’ हवा असेल तर प, मग ्, मग र. ‘क्ष’साठी क, ्, ष. ‘कार्य’मधला रफार वर दिसतो म्हणून लोक तो शेवटी शोधतात, पण तो उच्चाराच्या क्रमानंच येतो: क, ा, र, ्, य. ‘दुसऱ्या’ लिहिताना साधा र घेतला तर ‘दुसर्या’ असं चुकीचं उमटतं. तिथं टिंब असलेला ऱ लागतो. तो सापडत नसेल तर उच्चार लिहून सुचवलेला शब्द उचला. टायपिंगचा कंटाळा असेल तर कळपट्टीवरच्या माइकवर टेकवून बोला. मराठी निवडलेली असली की बोललेलं मराठीतच उमटतं. पाठवण्याआधी एकदा वाचा, कारण नावं आणि आकडे तिथं हमखास चुकतात.

साधा एसएमएस पाठवत असाल तर एक हिशेब माहीत असावा. फक्त इंग्रजी अक्षरांच्या एका संदेशात १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. काना, मात्रा, वेलांटी, पायमोडकी खूण, सगळं स्वतंत्र मोजलं जातं. मजकूर त्यापुढे गेला की फोन त्याचे तुकडे करतो आणि मोजणी तितक्या संदेशांची होऊ शकते. व्हॉट्सॲपसारख्या इंटरनेटवरच्या निरोपांना हा हिशेब लागू नाही. तिथं एक राखाडी बरोबरची खूण म्हणजे निरोप तुमच्याकडून गेला, दोन म्हणजे समोरच्या फोनवर पोहोचला, दोन निळ्या म्हणजे वाचला. पण समोरच्यानं निळ्या खुणा बंद ठेवल्या असतील तर वाचूनही त्या राखाडीच राहतात. म्हणून त्यावरून रुसवे नकोत.

वरून ओढायचा पडदा

स्क्रीनच्या वरच्या कडेपासून बोट खाली ओढलं की आलेल्या सूचना दिसतात. दोन बोटांनी ओढलं किंवा पुन्हा एकदा ओढलं की गोल-चौकोनी बटणांचा फळा पूर्ण उघडतो. टॉर्च, वाय-फाय, मोबाइल डेटा, ब्लूटूथ, विमान, सगळं तिथं. काही फोनमध्ये, आणि नव्या आयफोनमध्येही, उजव्या कोपऱ्यातून ओढलं तरच हा फळा येतो.

‘सकाळपासून कुणाचाच फोन नाही’ असं झालं तर आधी हा फळा बघा. विमानाची खूण उजळलेली असेल तर नेटवर्क बंद आहे. तिच्यावर टेकवून ती विझवा. चंद्राची किंवा आडव्या रेघेच्या गोलाची खूण उजळली असेल तर ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू आहे, कॉल येतात पण वाजत नाहीत. तिसरी शक्यता, फोन सायलेंट किंवा व्हायब्रेटवर आहे. आवाजाचं बटण दाबल्यावर स्क्रीनवर जी पट्टी येते, तिच्याजवळच्या घंटेच्या खुणेवर ते बदलता येतं. जुन्या आयफोनला त्यासाठी कडेला छोटा खटका असतो आणि तो खिशात आपोआप सरकतो.

गजराचा आवाज वेगळा असतो. फोन सायलेंट असला तरी गजर वाजतो, पण फोन पूर्ण बंद केला तर बहुतेक स्मार्टफोनवर वाजत नाही. बारा तासांच्या घड्याळात रात्रीचे १२ म्हणजे एएम, दुपारचे १२ म्हणजे पीएम. ही गल्लत टाळायची तर घड्याळ २४ तासांचं करून टाका.

चार्जिंग

टाइप-सी ची पिन कशीही बसते. जुन्या मायक्रो यूएसबीची एक बाजू अरुंद असते, ती एकाच बाजूनं जाते. उलटी घुसवली की आतली जीभ तुटते. पिन पूर्वी ‘टक्’ करून बसायची आणि आता सैल वाटते, वायर हलली की चार्जिंग थांबतं, असं झालं तर वायर बदलण्याआधी खाचेत उजेड पाडून बघा. खिशातल्या कापडाचे तंतू तिथं दाबून दाबून गादी झालेली असते. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं ते हळूच बाहेर काढा. सुई किंवा टाचणी वापरू नका, आतले संपर्कबिंदू वाकतात.

बॅटरी पूर्ण शून्यावर नेऊन मग भरायची, हा सल्ला जुन्या प्रकारच्या बॅटरीचा होता. आजची लिथियम-आयन बॅटरी २० ते ८० टक्क्यांच्या आसपास राहिली तर जास्त टिकते. तिला खरा त्रास उष्णतेचा. उशीखाली, उन्हात किंवा जाड कव्हरात चार्ज करू नका. बॅटरी फुगून मागचं झाकण किंवा काच वर आलेली दिसली तर चार्जिंग लगेच थांबवा, फोन दाबून बसवायचा प्रयत्न करू नका आणि दुरुस्तीला द्या.

कुलूप, पिन आणि अडीअडचण

फोनचं कुलूप आणि सिमचं कुलूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिमचा पिन, म्हणजे त्या कुलपाचा आकडा, तीनदा चुकला की फोन पीयूके नावाचा दुसरा आकडा मागतो. तो सिम देणाऱ्या कंपनीकडूनच मिळतो. अंदाजानं आकडे मारत बसू नका, कारण पीयूके दहादा चुकला की ते सिम कायमचं बाद होतं.

फोन कुलूपबंद असतानाही स्क्रीनच्या तळाशी ‘इमर्जन्सी’ लिहिलेलं असतं; तिथून तातडीचा नंबर लागतो. ११२ हा आकडा अनेक देशांत चालतो. बऱ्याच नव्या फोनवर पॉवरचं बटण पटापट पाच वेळा दाबलं की तातडीचा कॉल सुरू होतो. खिशात चुकून तसं झालं तर उलटमोजणी दिसत असतानाच रद्द करा.

ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, समोरचा स्वतःला बँकेचा म्हणवत असला तरी नाही. फोनवर कुणी तारा-हॅशचा एखादा कोड दाबायला सांगत असेल तर तो दाबू नका. अशा कोडनं तुमचे कॉल दुसऱ्याच नंबरावर वळवता येतात. तसं झाल्याची शंका आली तर *#२१# लावून बघा, येणारे सगळेच कॉल वळवलेत का ते कळतं. ##००२# लावलं की सगळे वळवलेले कॉल रद्द होतात. हे दोन्ही जीएसएम प्रकारच्या मोबाइल नेटवर्कचे ठरलेले कोड आहेत. ‘मी दुरून दुरुस्त करतो, हे ॲप टाका’ असं अनोळखी माणूस म्हणाला की कॉल तिथंच तोडा. त्या ॲपमधून तुमची स्क्रीन त्याला दिसते, त्यावर येणारे ओटीपीसुद्धा.

चुकून पुसलेला फोटो बहुतेक वेळा लगेच जात नाही. गॅलरीत ‘ट्रॅश’ किंवा ‘रिसेंटली डिलीटेड’ नावाचा कप्पा असतो, त्यात तो साधारण ३० दिवस पडून असतो. उघडून ‘रिस्टोअर’ म्हणा. फोटो धुरकट येत असतील तर कॅमेऱ्यात सेटिंग शोधण्याआधी मागची काच स्वच्छ कापडानं पुसा.

फोन अडखळायला लागला, नेटवर्क आलं-गेलं व्हायला लागलं, आवाजच बंद पडला, तर पहिला उपाय रिस्टार्ट. स्क्रीन गोठून कशालाच दाद देत नसेल तर बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पॉवर, किंवा पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण, १० ते ३० सेकंद दाबून धरावं लागतं. तेवढा वेळ प्रत्यक्षात फार मोठा वाटतो. मनात आकडे मोजा, मधेच सोडू नका. त्यानं फोटो किंवा नंबर जात नाहीत. जातात ते ‘फॅक्टरी रीसेट’नं. दोन्ही नावांत ‘री’ असला तरी त्या शब्दाला हात लावण्याआधी जाणकाराला विचारा.

शेवटचं काम पाच मिनिटांचं आहे. कीपॅडवर *#०६# लिहा. कॉलचं बटण न दाबताच १५ आकड्यांचा आयएमईआय, म्हणजे तुमच्या फोनची ओळख सांगणारा क्रमांक, समोर येतो. दोन सिमच्या फोनवर दोन येतात. फोन चोरीला गेला तर तक्रार देताना आणि तो बंद करवून घेताना हा क्रमांक विचारतात, आणि तेव्हा फोन हातात नसतो. म्हणून आजच तो फोनच्या खोक्यावर किंवा वहीत उतरवून ठेवा, त्याचा फोटो काढून त्याच फोनमध्ये ठेवू नका.